नव्वदच्या दशकातले दुर्लक्षित हिप-हॉप अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १९९१ ते १९९९ या काळातल्या अमेरिकन हिप-हॉपबद्दल आहे. 'इल्मॅटिक', 'द क्रॉनिक', 'रेडी टू डाय' हे अल्बम बहुतेकांनी ऐकलेले असतात, निदान त्यांची नावं तरी कानावरून गेलेली असतात. त्याच वर्षांत, त्याच शहरांत, पुष्कळदा त्याच स्टुडिओंत तितक्याच तोडीचं काम करून मागे राहिलेले अल्बम इथे घेतले आहेत.

'दुर्लक्षित' म्हणजे न खपलेला अल्बम का?

नेहमी नाही. काही अल्बम खरोखरच खपले नाहीत. काही आपल्या भागात भरपूर खपले, पण न्यूयॉर्कच्या मासिकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काही अल्बम त्याच कलाकाराच्या एका गाजलेल्या गाण्याखाली दबले गेले, आणि काही तयार होऊनही बाजारात आले नाहीत. जुनं आणि अनोळखी आहे म्हणून चांगलं, असं मात्र आम्ही मानत नाही. त्या दशकात सुमार अल्बमही ढिगाने निघाले आणि त्यांचं विसरलं जाणं योग्यच आहे.

इतके चांगले अल्बम मागे का पडले?

बहुतेक वेळा गाण्यात खोट नव्हती, धंद्यात होती. ऑर्गनाइज्ड कन्फ्युजनचा 'स्ट्रेस : द एक्स्टिंक्शन अजेंडा' (१९९४) काढला हॉलिवूड बेसिक या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने. ते डिस्नेच्या मालकीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सचं हिप-हॉपसाठीचं छोटं पिल्लू होतं. क्वीन्समधल्या दोन रॅपर्सचा इतका अवघड आणि अंधारा अल्बम कुठल्या दुकानात, कुठल्या रेडिओवर पोचवायचा याची घडी अशा घरात बसलेली नसते. ओ. सी.चा 'वर्ड... लाइफ' (१९९४) आणि मेन सोर्सचा 'ब्रेकिंग ॲटम्स' (१९९१) वाइल्ड पिच या लेबलचे. तिथे कान तयार असलेली माणसं होती, पैसा नव्हता. १९९७ साली ईएमआयने अमेरिकेतलं आपलं मुख्य लेबल बंद केलं, तेव्हा त्या छत्राखालचे कितीतरी कलाकार एका झटक्यात उघड्यावर आले.

तारखांचाही फटका बसला. ९ नोव्हेंबर १९९३ या एकाच दिवशी वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम आणि ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'मिडनाइट मरॉडर्स' दोन्ही आले. त्या सुमारास आपला अल्बम काढणाऱ्या नवख्याकडे कोण बघणार? १९९४ साली तर दर महिन्याला एखादा मोठा अल्बम येत होता.

आणखी एक कारण कमी सांगितलं जातं. मे १९९१पासून बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या अल्बम-याद्या साउंडस्कॅनच्या प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदींवर निघू लागल्या. त्यामुळे हिप-हॉप किती खपतं हे लेबलांना पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्याच आकड्यांवरून पहिल्या काही आठवड्यांतच अल्बमचं भवितव्य ठरायला लागलं. तोंडी प्रसिद्धीने सावकाश चढणाऱ्या अल्बमला वाट पाहणारा मालक उरला नाही.

सुरुवात कुठून करू?

कान कशाला सरावलेला आहे यावर ते ठरतं. चाल, सूर आणि मजा हवी असेल तर कॅम्प लोचा 'अपटाउन सॅटरडे नाइट' (१९९७). ब्राँक्सच्या दोघांनी सत्तरच्या दशकातले कृष्णवर्णीय नायकांचे सिनेमे, सूट, दागिने आणि स्वतः घडवलेली बोली यांतून एक अख्खं जग उभं केलं आहे. 'लुचिनी' हे त्यातलं गाणं डायनॅस्टी या गटाच्या 'ॲडव्हेंचर्स इन द लँड ऑफ म्युझिक'मधल्या ब्रासवर उभं आहे. पहिल्या चार सेकंदांतच घर भरून जातं. शब्द कळले नाहीत तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या श्रोत्यांनाही ते सगळे कळत नव्हते. प्रोड्युसर, म्हणजे गाण्यांचं संगीत रचणारा, स्की.

शब्दांसाठी ऐकणार असाल तर ओ. सी.चा 'वर्ड... लाइफ'. 'टाइम्स अप'ची सुरुवातच अशी आहे की, समोरच्या नकली रॅपरमध्ये खनिजं, जीवनसत्त्वं, लोह आणि नायसिन यांची कमतरता आहे. शिवी नाही, आरडाओरडा नाही, थेट रक्ततपासणीचा रिपोर्ट. बकवाइल्डच्या बीटमध्ये (रॅपखालच्या संगीतात) एक जाड बेस, एक ड्रम आणि हूकच्या, म्हणजे धृपदाच्या, जागी स्लिक रिक या रॅपरच्या आवाजाचा स्क्रॅच (तबकडी हाताने पुढेमागे घासून काढलेला आवाज), एवढंच आहे. इतक्या कमी सामानात गाणं उभं राहतं ते आवाजाच्या ठेवणीमुळे.

जाझ, जुनं फंक आवडत असेल तर डिगेबल प्लॅनेट्सचा 'ब्लोआउट कोंब' (१९९४). आणि 'गली बॉय'मुळे (२०१९) 'इल्मॅटिक'वाल्या नासपर्यंत पोचला असाल, त्या चित्रपटाचा तो कार्यकारी निर्माता होता, तर 'ब्रेकिंग ॲटम्स'कडे जा. त्यातलं 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू' ही नासची रेकॉर्डवरची पहिली हजेरी. पण तेवढंच ऐकून थांबू नका. मेन सोर्सच्या लार्ज प्रोफेसरने त्या अल्बममध्ये सॅम्पल (जुन्या रेकॉर्डवरून उचललेले तुकडे) ज्या तऱ्हेने कापली आणि जोडली, त्यावर पुढची कित्येक वर्षं न्यूयॉर्कचे प्रोड्युसर चालले.

'स्ट्रेस'ची एवढी स्तुती होते; त्यात आहे तरी काय?

ऑर्गनाइज्ड कन्फ्युजनमधले दोघे रॅपर, फॅरो मंच आणि प्रिन्स पो. दोघांचीही दम धरायची पद्धत वेगळी, वाक्य तोडायची जागा वेगळी. 'स्ट्रे बुलेट' हे गाणं भरकटलेल्या गोळीच्या तोंडून सांगितलं आहे: बंदुकीतून सुटण्यापासून माणसांच्या अंगात शिरेपर्यंत, गोळी प्रथमपुरुषी बोलत राहते. नासने बंदुकीच्या तोंडून सांगितलेलं 'आय गेव्ह यू पॉवर' १९९६चं. हे दोन वर्षं आधीचं. ऐकताना मंचच्या यमकांकडे लक्ष द्या. ओळीच्या शेवटी यमक जुळवून तो थांबत नाही. ओळीच्या मधोमध तीन-चार अक्षरांचा एक जुडगा पकडतो, तोच आवाज पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांतून परत आणतो, आणि या सगळ्यात ठेका सोडून पुढे धावून पुन्हा समेवर येतो. तालाची जाण असलेल्या मराठी श्रोत्याला यातली गंमत लगेच कळेल. बीट काळवंडलेले आहेत, रेडिओवर वाजेल असं काही नाही, आणि अल्बम मधे कुठेही विसावा देत नाही. एका बैठकीत झेपला नाही तर 'स्ट्रे बुलेट', 'स्ट्रेस' आणि 'ब्रिंग इट ऑन' एवढीच तीन आधी ऐका.

डिगेबल प्लॅनेट्सना ग्रॅमी मिळालं होतं. मग ते दुर्लक्षित कसे?

ग्रॅमी मिळालं 'रिबर्थ ऑफ स्लिक'ला, म्हणजे १९९३च्या पहिल्या अल्बममधल्या गाण्याला. चुटक्या, डबल बेस, छान हसरं गाणं. लेबलला तसंच आणखी एक हवं होतं. गटाने दिला 'ब्लोआउट कोंब': ब्रुकलिनच्या गल्ल्या, ब्लॅक पँथर चळवळीचे संदर्भ, वर्तमानपत्रासारखी मांडलेली आतली पानं, आणि आवाज मुद्दाम संगीताच्या बरोबरीने, जरा मागेच ठेवलेले. रेडिओवर उचलून धरावं असं गाणं नाही. 'बरो चेक'मध्ये रॉय एअर्सच्या 'वी लिव्ह इन ब्रुकलिन, बेबी'चा तुकडा आहे आणि पाहुणा म्हणून गँग स्टार या गटातला 'गुरू' नावाचा रॅपर. अल्बम खपला नाही आणि गट लवकरच फुटला. आमच्या मते दोहोंत हाच मोठा अल्बम आहे. रात्री, कमी आवाजात, सलग ऐका. एखादं गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकलंत तर ते पोरकं वाटतं.

वेस्ट कोस्ट म्हणजे सगळं गँगस्टा रॅपच ना?

नाही, आणि हा गैरसमज त्या काळीही या अल्बमना भोवला. लॉस एंजेलिसमध्ये क्रेन्शॉ भागात गुड लाइफ कॅफे नावाचं आरोग्यदायी खाण्याचं दुकान होतं. तिथे दर गुरुवारी खुला माइक असे. शिव्या देण्यास मनाई, आणि गाणं जमलं नाही तर श्रोते एका सुरात 'प्लीज पास द माइक' म्हणून खाली उतरवत. त्या शाळेतून फ्रीस्टाइल फेलोशिप हा गट घडला. त्यांच्या 'इनरसिटी ग्रियोज'मध्ये (१९९३) मायका नाइन जाझ गायकासारखा सुरांवर शब्द टाकतो, एसिअलोन शांतपणे गोष्ट सांगतो, मागे जिवंत वाद्यवृंद. 'इनर सिटी बाउंडरीज' ऐका. वेगाने रॅप करणाऱ्या पुढच्या किती जणांनी इथून उचललं आहे ते कळेल. त्या कॅफेवर दिग्दर्शक एव्हा ड्यूव्हर्नेचा 'धिस इज द लाइफ' (२००८) हा माहितीपट आहे. ती स्वतः तिथे गात असे.

ओकलंडच्या द कूपचा 'स्टील धिस अल्बम' (१९९८) वेगळाच. बूट्स रायली डाव्या विचारांचा कार्यकर्ता, पण घोषणा देत नाही. भाडं थकलेल्या, जुनी गाडी ढकलणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगतो. 'मी अँड जीझस द पिंप इन अ सेव्हंटी-नाइन ग्रनाडा लास्ट नाइट' हे सुमारे सात मिनिटांचं गाणं म्हणजे एक लघुकथाच. आईचा जीव घेणाऱ्या दलालाला गाडीतून घेऊन निघालेला मुलगा, आणि शेवट पहिल्या कडव्यापासून हळूहळू जवळ येणारा. आधी कोणाकडून ऐकून घेऊ नका, गाणंच ऐका.

सोल्स ऑफ मिस्चिफचं 'नाइंटी-थ्री टिल इन्फिनिटी' हे गाणं सगळ्यांना माहीत आहे, अल्बम कमी जणांनी पूर्ण ऐकलेला असतो.

दक्षिणेकडचं काही?

टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या यूजीकेचा 'रायडिन डर्टी' (१९९६). एकही व्हिडिओ नसताना तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत १५व्या क्रमांकावर पोचला, म्हणजे दक्षिणेच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. न्यूयॉर्कच्या समीक्षकांना जाग आली ती बऱ्याच वर्षांनी. पिंप सीच्या संगीतात सॅम्पलच्या जोडीला खरा बेस, गिटार आणि चर्चमधला ऑर्गन वाजतो, त्यामुळे अल्बमला एक ओलावा आहे. बन बी त्यावर एकेक व्हर्स (कडवं) असा रचतो की मधला एक शब्द काढता येत नाही. गाण्यांच्या मधे तुरुंगातल्या मित्राने टेपवर बोलून पाठवलेले तुकडे आहेत. ते पुढे ढकलू नका, अल्बमचा कणा तेच आहेत. 'वन डे'पासून सुरू करा.

मेम्फिसच्या एटबॉल अँड एमजेजीचा 'कमिन आउट हार्ड' (१९९३) स्वस्तात रेकॉर्ड झालेला आहे आणि ते ऐकू येतं. तरी घ्या. अटलांटाच्या गुडी मॉबचा 'सोल फूड' (१९९५) आता बऱ्यापैकी ओळखीचा झाला आहे.

बायकांचे अल्बम इतके कमी का?

कारण लेबलांनी काढलेच कमी, आणि काढले त्यांच्यावर पैसा लावला नाही. फिलाडेल्फियाच्या बहामादियाचा 'कोलाज' (१९९६) हे ठळक उदाहरण. डीजे प्रीमियर आणि दा बीटमायनर्स यांचे बीट, आणि त्यावर खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला आवाज. ती वर चढून गात नाही, ओरडत नाही. ठेक्याच्या किंचित मागे राहते आणि त्या फटीतच सगळी ऐट आहे. 'स्पॉन्टॅनिटी' मोठ्याने लावा. हा अल्बम क्रिसलिस-ईएमआयचा. वर सांगितलेली १९९७ची पडझड आठवा.

तयार होऊनही न निघालेले अल्बम कोणते?

केएमडीचा 'ब्लॅक बास्टर्ड्स'. १९९३ साली गटातला धाकटा भाऊ सबरॉक गाडीखाली सापडून गेला. थोरल्या भावाने, झेव्ह लव्ह एक्सने, अल्बम पुरा केला. मुखपृष्ठावर वर्णद्वेषी 'सॅम्बो' या व्यंगचित्राला फासावर चढवलेलं होतं. त्यावरून वाद झाला आणि इलेक्ट्रा या लेबलने १९९४ साली अल्बमही सोडला आणि गटही. अधिकृतपणे तो बाहेर यायला नवं शतक उजाडलं. तोच थोरला भाऊ पुढे मुखवटा चढवून एमएफ डूम नावाचा रॅपर झाला. डूमचे चाहते 'ऑपरेशन : डूम्सडे'पासून (१९९९) सुरुवात करतात. त्याआधी हा ऐकला तर मुखवटा कशासाठी आला ते उमगतं.

प्रोड्युसर पीट रॉकने आपल्या धाकट्या भावाच्या गटासाठी केलेला आयएनआयचा 'सेंटर ऑफ अटेन्शन' इलेक्ट्राने असाच अडवून ठेवला; अधिकृत आवृत्ती २००३ची. लार्ज प्रोफेसरचा 'द एलपी' गेफन या लेबलकडे १९९६ साली अडकला, २००९मध्ये सुटला. दरम्यान या सगळ्यांच्या चोरट्या प्रती फिरत होत्या. आजही बाजारात त्यांच्या जुन्या एलपी दिसल्या तर त्या बहुधा चोरट्याच असतात, आणि पुष्कळदा कॅसेटवरून उतरवलेल्या. अधिकृत आवृत्तीच घ्या. आवाजात फार फरक आहे.

बीट भारी आणि रॅप बेताचा, असा अल्बम ऐकण्यात काही अर्थ आहे?

ग्रुप होमच्या 'लिव्हिन प्रूफ'बद्दल (१९९५) हे नेहमी विचारलं जातं. हो, दोघेही मोठे रॅपर नव्हेत, मेलाकाय तर कधीकधी ठेक्यात शब्द कसेबसे बसवतो. पण डीजे प्रीमियरने त्या वर्षी आपले सगळ्यात चांगले बीट यांना दिले. 'सुपा स्टार', 'लिव्हिन प्रूफ', 'अप अगेन्स्ट द वॉल' ऐकून पाहा. आणि त्या दोघांच्या साधेपणात रस्त्यावरच्या पोरांचा खरेपणाही आहे, तो सफाईदार रॅपरकडे नसता आला.

उलटं उदाहरण रास कासचा 'सोल ऑन आइस' (१९९६). लेखणी अफाट, बीट फिके. 'नेचर ऑफ द थ्रेट' हे जवळपास आठ मिनिटांचं इतिहासावरचं गाणं फार वाखाणलं जातं. पण त्यातले बरेच दावे इतिहासाला धरून नाहीत आणि समलिंगी लोकांबद्दलची विधानं विखारी आहेत. कारागिरी ऐका, धडा म्हणून घेऊ नका.

मला या अल्बममध्ये बेस ऐकूच येत नाही. आवाज असा खरखरीत, दबलेला का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरखर मुळातलीच आहे. न्यूयॉर्कचे बहुतेक प्रोड्युसर ई-म्यू एसपी-१२०० हे १९८७चं सॅम्पलर वापरत. ते १२ बिटचं, २६ किलोहर्ट्झच्या आसपास सॅम्पल घेणारं, आणि स्मृती अवघी सुमारे १० सेकंदांची. जागा वाचवायला ३३च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवून सॅम्पल घेत. वेग १.३५ पट, म्हणजे तेवढ्याच जागेत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावला. मग यंत्रात तो तुकडा पुन्हा खाली आणायचा: हार्मोनियमच्या हिशेबात, काळ्या-पांढऱ्या धरून, साधारण पाच पट्ट्या. त्या ओढाताणीत आवाजाचे वरचे काठ झिजतात आणि एक दाणेदार पोत येतो. ड्रम जड आणि धुळकट वाटतात ते यामुळे. तुमच्या स्पीकरचा दोष नाही.

बेस मात्र तुमच्याकडे हरवतोय. त्या काळची खास युक्ती अशी: जुन्या रेकॉर्डचा तुकडा घ्यायचा, फिल्टर लावून त्याचे वरचे सगळे सूर कापायचे, आणि उरलेली घुमारी बेसलाइन म्हणून वापरायची. पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, दा बीटमायनर्स यांचं अर्धं काम यावर उभं आहे. बेसचे मूळ स्वर साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि फोनचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. आधुनिक गाण्यात बेसला वरची किनार ठेवलेली असते, त्यामुळे फोनवरही तो भासतो. फिल्टर केलेल्या बेसला ती किनारच नाही, म्हणून तो पुरता गायब होतो आणि गाणं पोकळ वाटतं.

उपाय महाग नाही. कानात नीट बसणारे साधे वायरवाले इअरफोन चालतील. रबरी टोपी कानाच्या मापाची हवी. ती सैल असेल तर बेस फटीतून निसटतो, मग इअरफोन कितीही किमतीचा असो. 'बेस बूस्ट' बंद ठेवा. त्याने किक ड्रम आणि बेस एकमेकांत मिसळून चिखल होतो. फरक पाहायचा असेल तर पीट रॉक अँड सी. एल. स्मूथच्या 'द मेन इन्ग्रीडिअंट'मधलं (१९९४) कुठलंही गाणं आधी फोनवर, मग इअरफोनवर लावा. तो अल्बमही याच जोडीच्या 'टी.आर.ओ.वाय.' या एका गाण्याच्या छायेत राहिला आहे.

इंग्रजी येतं, तरी शब्द कळत नाहीत. काय करू?

पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागूच नका. एकदा सलग ऐका, ठेका आणि आवाज कानात बसू द्या. दुसऱ्यांदा समोर शब्द घेऊन ऐका, पण जिथे अडाल तिथे थांबू नका. खूण करून ठेवा आणि नंतर बघा. ऑनलाइन मिळणारे शब्द श्रोत्यांनी ऐकून टिपलेले असतात, त्यांत चुका असतात. अर्थ अजिबात लागत नसेल तर शब्दच चुकीचा टिपला असण्याची शक्यता धरा.

न्यूयॉर्कच्या अल्बममध्ये एक अडथळा वेगळा आहे. 'गॉड', 'सायफर', 'बिल्ड', 'मॅथमॅटिक्स' हे शब्द तिथे पारिभाषिक आहेत. १९६४ साली हार्लेममध्ये सुरू झालेल्या फाइव्ह पर्सेंटर या पंथात पुरुष एकमेकांना 'गॉड' म्हणतात, अंकांना आणि अक्षरांना ठरलेले अर्थ आहेत. एवढं माहीत असलं की निम्म्या कोड्यांची उकल होते.

स्ट्रीमिंगवर आहे ते मूळ अल्बमच असतं का?

तपासून घ्या. गडबड नेहमी त्याच त्या जागी होते. अमेरिकेतल्या वॉलमार्टसारख्या दुकानांत इशाऱ्याचा शिक्का असलेले अल्बम विकायला ठेवत नसत, म्हणून लेबलं शिव्या पुसलेली आवृत्ती वेगळी काढत. ती आवृत्ती ॲपवर त्याच नावाने, त्याच मुखपृष्ठाने दिसते. गाण्याच्या नावापुढे इशाऱ्याची खूण नसेल आणि मधेमधे आवाज गिळल्यासारखा वाटत असेल, तर तुम्ही तीच ऐकताय.

दुसरं, 'डीलक्स' आवृत्तीत शेवटी रिमिक्स जोडलेले असतात. मूळ शेवट कुठे आहे हे १९९०च्या दशकातल्या सीडीच्या गाण्यांच्या यादीवरून ताडून बघा आणि तिथे थांबा. 'ब्लोआउट कोंब'सारख्या अल्बमचा परिणाम पुढच्या जोडगाण्यांनी पुसला जातो. गाण्यांमधली वाट 'क्रॉसफेड'ने (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणाऱ्या ॲपमधल्या सोयीने) बिघडते, ते बंद करा. 'शफल' तर नकोच.

तिसरं, काही अल्बम दिसतच नाहीत. डी ला सोलचे टॉमी बॉय या लेबलच्या काळातले अल्बम मार्च २०२३पर्यंत कुठल्याच ॲपवर नव्हते, कारण जुन्या सॅम्पलच्या करारांत डिजिटल विक्रीचा उल्लेख नव्हता. डी ला सोलसारख्या नावाजलेल्या गटाची ही गत, तर बुडालेल्या छोट्या लेबलची कल्पना करा.

सॅम्पलच्या हक्कांचं हे प्रकरण सुरू कुठे झालं?

डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या 'अलोन अगेन'चा तुकडा परवानगीविना घेतला होता. त्यानंतर लेबलं प्रत्येक तुकड्याची परवानगी मागू लागली आणि छोट्या बजेटचे अल्बम कात्रीत सापडले. म्हणूनच दशकाच्या मध्यात सॅम्पल कमी, बारीक चिरलेली आणि फिल्टरखाली लपवलेली दिसतात. पैशाची अडचण होती, तिच्यातून शैली निघाली.

याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. कॉम्प्टनच्या डीजे क्विकने २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह'मध्ये लता मंगेशकरांच्या 'थोडा रेशम लगता है'चा (चित्रपट 'ज्योती', १९८१, संगीत बप्पी लाहिरी) मोठा तुकडा घेतला आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. भारतात क्विक या एका गाण्याने ओळखला जातो. त्याच्या 'सेफ अँड साउंड' (१९९५) आणि 'रिदम-अल-इझम' (१९९८) या अल्बमांचं नाव मात्र कोणी काढत नाही. मांडणीची इतकी स्वच्छता त्या काळात फार थोड्यांकडे होती.

जुनी प्रत विकत घ्यायची आहे. काय पाहू?

सीडी घेणं सगळ्यात शहाणपणाचं. अल्बम त्याच माध्यमासाठी बांधलेले होते, ७४ मिनिटांपर्यंत भरलेले, आणि जुन्या सीडीचा आवाज नंतरच्या 'रीमास्टर'पेक्षा पुष्कळदा मोकळा असतो. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशबिंदू दिसले तर आतला थर गेलेला आहे; पुसून काही होणार नाही. वरवरचे बारीक ओरखडे चालतात. घरी आणल्यावर चुका तपासत वाचणाऱ्या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून ठेवा.

एलपी घेताना आधी विचारा: एक तबकडी की दोन? १२ इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटांपेक्षा जास्त संगीत कोंबलं की खाचा बारीक होतात, आवाज खाली जातो आणि पहिला बळी बेसचा पडतो. तासाभराचा अल्बम एकाच तबकडीवर असेल तर टाळा. चोरटी प्रत ओळखायला मधल्या कागदावरची छपाई बघा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, रंग उतरलेला असेल तर स्कॅन करून छापलेली आहे. आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक विक्रेत्याकडून फोटोसह मागवा आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवा. रंगीत तबकडी आणि कुठेही परवाना घेतल्याची ओळ नाही, तर सोडून द्या. परदेशातून मागवलंत तर कस्टमचा खर्च धरूनच भाव करा.

कॅसेट स्वस्त पडते, पण कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेने टेपवर बुरशी धरते. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती चुकूनही लावू नका. तीच बुरशी हेडवर आणि तिथून तुमच्या बाकीच्या कॅसेटवर जाते. टेपच्या मागची छोटी स्पंजाची गादी गळली असेल तर आवाज घोगरा, येऊन-जाऊन येतो. गादी दुसऱ्या मोडक्या कॅसेटमधली काढून बसवता येते. बऱ्याच वर्षांनी वाजवणार असाल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा, पाण्याने नाही.

शिव्या आणि बायकांबद्दलची भाषा खटकते.

खटकायलाच हवी. यातल्या काही अल्बमांत ती विनाकारण आहे आणि काळ वेगळा होता म्हणून ती बरी ठरत नाही. टाळायची असेल तर डिगेबल प्लॅनेट्स आणि बहामादिया यांच्यापासून सुरुवात करा. घरात लहान मुलं असतील तर यूजीके आणि एटबॉल इअरफोनवरच.

हे सगळं ऐकून झालं. पुढचं कसं शोधू?

रॅपरच्या नावामागे जाऊ नका, प्रोड्युसरच्या मागे जा. सीडीच्या आतल्या पानावर प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरांत नाव असतं. ओ. सी.च्या अल्बमवर बकवाइल्ड सापडला. तोच 'स्ट्रेस'वरही आहे. बकवाइल्डवरून ब्राँक्सच्या डी.आय.टी.सी. या टोळीकडे वाट जाते, तिथे डायमंड डीचा 'स्टंट्स, ब्लंट्स अँड हिप हॉप' आणि शोबिझ अँड ए. जी.चा 'रनअवे स्लेव्ह' (दोन्ही १९९२) भेटतील, मग लॉर्ड फिनेसचा 'द अवेकनिंग' (१९९६). स्टुडिओचं नाव, पाहुण्या गायकाचं नाव, आभाराच्या यादीतली नावं हेही बघा. त्या काळी माणसं एकमेकांच्या अल्बमवर पैशापेक्षा ओळखीने येत. आणि आवडलेल्या गाण्याचं १२ इंची सिंगल शोधा. त्यावर बहुधा बिनशब्दांची आवृत्ती असते. ती लावून मूळ गाण्यातला एक व्हर्स स्वतः म्हणून पाहा. श्वास कुठे घ्यायचा, हे सापडेपर्यंत पहिल्या चार ओळींतच दम लागतो.